नाना सरांचा हेर

तो सिनेमा मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. काळा-पांढरा, इंग्रजी, त्यात महायुद्ध, त्यात सगळे ओठांतल्या ओठांत बोलणारे. नाना सर असेपर्यंत हे तोंडावर बोलायची सोय नव्हती. आता ते नाहीत, तर बोलायला मोकळी आहे, पण मजा गेली. चिडायला समोर माणूस लागतो.

रामदास नाना आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळा पांझरा नदीच्या काठी, अमळनेरहून धुळ्याकडे जाताना जरा आडवळणाला. मी जळगावची. विज्ञान शिकवायला तिथे लागले आणि अमळनेरला खोली घेऊन रोज एसटीने ये-जा करू लागले. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं, तर एक उंच, बारीक माणूस बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "या मॅडम. तुमची बस चुकली होती, तुम्ही डबा विसरलात आणि घरी कुणाशी तरी भांडून निघालात."

ओळख ना पाळख! मी विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? बघितलं की दिसतं."

यातलं भांडण तेवढं खरं होतं, खोलीच्या मालकिणीशी झालेलं. बस वेळेवर मिळाली होती आणि डबा पिशवीत होता. नानांचे अंदाज असेच असायचे. तिनातला एखादा लागायचा, पण लागलेला तेवढाच ते लक्षात ठेवायचे आणि सगळ्या गावाला सांगायचे. बाकीचे दोन पुसून टाकायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "नाना, प्रयोगशाळेत असं चालत नाही." ते म्हणाले, "म्हणून तर तुमच्या प्रयोगशाळेत कोणी टाळ्या वाजवत नाही."

माणसं न्याहाळायचं हे खूळ त्यांना त्या सिनेमाने लावलं होतं. कॉलेजात असताना जळगावला कुठल्याशा सकाळच्या खेळाला ते चुकून जाऊन बसले. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. पण पडद्यावर युद्ध चाललेलं, समुद्रकाठचं छोटं इंग्रज गाव, रात्री खिडक्यांना काळे पडदे, आणि त्या गावात घड्याळं दुरुस्त करणारा एक भला माणूस येऊन राहतो. तो शत्रूचा हेर असतो. आपल्याला ते माहीत असतं, गावाला माहीत नसतं. नाना सांगायचे, "मॅडम, मी पूर्ण वेळ खुर्चीची कड धरून बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा बोटं वाकडी झाली होती. तेव्हाच ठरवलं, ही भाषा शिकायची. हे लोक काय बोलत होते ते मला कळलंच पाहिजे."

एका सिनेमापायी माणूस इंग्रजीचा मास्तर झाला. आधी त्यांच्याकडे त्याची कॅसेट होती, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. तो पेन ड्राइव्ह ते जानव्यासारखा गळ्यात घालून हिंडायचे. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "माझं मंगळसूत्र मी एखाद वेळी काढून ठेवते. हे ते काढत नाहीत."

वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये खेळ व्हायचा. भर दुपारी. अंधार करायला खिडक्यांना शेतात पिकाखाली अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर लावायचा, समोर अक्काची पांढरी चादर, आणि चादरीच्या बाजूला नाना उभे. आवाज बारीक करून ते सगळ्या पात्रांचं बोलणं अहिराणीत सांगायचे. तो टोपीवाला गोरा तोंड उघडायचा आणि नानांच्या गळ्यातून यायचं, "हाऊ बाबा म्हनस, मी घड्याळं दुरुस्त करस." पोस्टातली गोरी बाई भुवई उंचावायची आणि नाना नाकात बोलायचे, "बाई म्हनस, तुन्हं गाव कोनतं रे भाऊ?" पोरं लोटपोट व्हायची. पण दहा मिनिटांत हसणं थांबायचं. एकेकाच्या मुठी आवळल्या जायच्या. मला सिनेमा आवडत नव्हता तरी त्या अंधारात माझाही श्वास वर अडकायचा, हे कबूल करते. सांगणारा तसा होता.

तो हेर सापडतो कसा, हा नानांचा सगळ्यात लाडका भाग. त्याचं इंग्रजी चोख, कागदपत्रं चोख, कपडे चोख. पण गावात आठवडाभर पाऊस लागतो, सगळं गाव त्या पावसाला नावं ठेवतं, आणि हा एकटा काही बोलत नाही. पोस्टातल्या बाईच्या मनात तिथेच पाल चुकचुकते. नाना इथे सिनेमा थांबवायचे. "पाऊसले शिव्या देत नही, तो इंग्रज कसाना?" मग मराठीत यायचे. "लक्षात ठेवा, हेराला सगळं शिकवून पाठवतात. पण घरात जे कोणी शिकवत नाही, आपोआप येतं, ते त्याला येत नाही. तिथे पकडायचा." शेवटी गाव त्या माणसाला धान्याच्या कोठारात कोंडतं. कंदील घेऊन माणसं आत शिरतात. नाना ओरडायचे, "दखा आते! कसा सापडना!", म्हणजे बघा आता, कसा सापडला, आणि हॉल टाळ्यांनी दणाणून जायचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात खेळ. आपल्या गावात हेर आला तर त्याला काय विचाराल? पोरं डोकं लढवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके कुठल्या झाडाला बांधतात? भरताची वांगी कशावर भाजतात? आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, कानबाईचे रोट कोणी खायचे?

इथे थोडं सांगते. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढून ते दळतात, त्याचे रोट करतात. हे रोट फक्त त्या कुळातल्या भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणभरसुद्धा द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मी नानांकडे दर कानबाईला जेवायला असायची. खीर, भाजी, कढी सगळं ताटात पडायचं, अक्का आग्रह करकरून वाढायची, पण रोटाचं टोपलं झाकलेलंच. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "अक्का, एक तुकडा चाखू द्या की." तिचा चेहरा खाडकन उतरला. नाना हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही सख्ख्या असलात तरी बाहेरच्या. तुमचं काही चालायचं नाही." थट्टा होती, पण टोपलं काही उघडलं नाही.

नाना निवृत्त झाले तरी वर्षाचा तो खेळ सुटला नाही. मुलांबरोबर मोठेही येऊन बसू लागले, जुने विद्यार्थी, शेतावरून आलेले लोक. आणि मग ते वर्ष आलं. सीमेवर तणाव होता. लोकांचे फोन दिवसभर टणटणत होते. कुठे म्हणे हेर सापडला, कुठे म्हणे पुलांचे फोटो काढणारी टोळी फिरते आहे. कोणी पाठवलं, खरं का खोटं, कोण विचारतं? आलं की पुढे ढकललं.

कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार. त्या दिवशी शाळेत पोरं येत नाहीत, पण आम्हाला यावं लागतं. सुरत, पुणे, नाशिककडे कामाला गेलेली माणसं सणासाठी गावात होती. सकाळी नदीवर विसर्जन झालेलं, आता हातांना काम नाही. मी एसटीतून उतरले आणि पारापाशी गर्दी दिसली. मला वाटलं मिरवणूक रेंगाळली आहे. जवळ गेले तर मधोमध एक पोरगा. विशीतला, सावळा, शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठातून रक्त. त्याची मोटरसायकल आडवी पडलेली. त्याची तिपाई आणि मोजमापाचं यंत्र गोकुळच्या हातात होतं.

गोकुळ म्हणजे नानांचा एके काळचा आवडता विद्यार्थी. स्टँडवर त्याचं मोबाइलचं दुकान आहे. हुशार, कामसू पोरगा, आईला जपणारा. म्हणून तर त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसलं ते मला नवं होतं.

"काय चाललंय रे?" मी ओरडले.

"मॅडम, हेर सापडला. पुलाचे फोटो काढत होता. नदीवरच्या बायांचेही काढले."

तो पोरगा हात जोडून हिंदीत सांगत होता. ओडिशाचा होता. पुलाची पाहणी करणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला, जळगावला खोली घेऊन राहणारा. गळ्यात ओळखपत्र होतं. मी म्हटलं, "अरे, कार्ड बघा ना त्याचं!"

गोकुळ म्हणाला, "कार्ड तर सिनेमातल्याजवळही होतं, मॅडम."

मग मला कळलं की मी यायच्या आधी काय घडलं होतं. त्यांनी विचारलं, कुठून आलास? त्याने घाबरून सांगितलं, जळगावहून. जळगावचा ना? मग सांग, कानबाईचे रोट कोण खातं? त्या बिचाऱ्याला वाटलं, प्रसादाचं काहीतरी विचारतात, गोड बोलावं, माणसं निवळतील. तो हसून म्हणाला, "सब लोग खाते हैं, भैया."

झालं. पकडला.

कोणीतरी दोरी आणली. मागे उभी असलेली माणसं पुढे रेटत होती. एक जण फोन वर धरून चित्रण करत होता, त्याच्या फोनवर मी पिशवी हाणली, तर मलाच बाजूला ढकललं. पोलिसांना फोन लावला. निघतो म्हणाले. पण तालुक्याहून यायला वेळ लागणार, आणि इथे एक दगड पडून गेला होता. मी नानांना फोन केला. काय बोलले आठवत नाही, ओरडले असणार.

नाना आले. पायांना नदीची वाळू तशीच होती. गर्दीने वाट दिली, कारण निम्मी गर्दी त्यांच्या हाताखालून गेलेली. ते त्या पोराजवळ गेले, त्याचं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि म्हणाले, "गोकुळ, सोड त्याला. हा कामाचा माणूस आहे. पोलीस बघतील काय ते."

गोकुळ म्हणाला, "तुम्हीनच तं शिकाडेल शे, सर. कागद बघू नका, जे कोणी शिकवत नाही ते विचारा. आम्ही विचारलं. तो नापास झाला."

मागून कोणीतरी म्हणालं, "दखा आते, कसा सापडना!" आणि खरंच, काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणसाला स्वतःच्याच आवाजाची चपराक बसावी तसा झाला तो. ते वळले आणि चालू लागले. घराकडे! माझा संताप अनावर झाला. मी मागून ओरडले, "नाना, पळता कुठे?" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी त्या पोरासमोर जाऊन उभी राहिले आणि गोकुळला त्याच्या शाळेतल्या गोष्टी, त्याच्या आईचं नाव, जे सुचेल ते बडबडत राहिले. दोरी टाकणारा हात मध्ये मध्ये थांबत होता, एवढंच.

नाना परत आले तेव्हा त्यांच्या हातात टोपलं होतं. मागे अक्का, अनवाणी, पदर सावरत, रडत. नाना धापा टाकत होते. त्यांनी टोपल्यावरचं फडकं काढलं, रोट मोडला आणि तो तुकडा त्या पोराच्या तोंडात घातला.

फोन धरलेला हात खाली आला.

"खा," नाना त्याला म्हणाले. "खाओ बेटा. चबाओ."

तो पोरगा काही न कळता चावत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळून बोलले. आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हाऊ आते मन्हा भाऊबंद शे. कानबाईना रोट खायेल शे त्यानी. ज्याले मारनं व्हई, त्यानी पहिले माले मारा."

त्यांचे थोरले चुलतभाऊ दौलत आबा गर्दीतच होते. ते किंचाळले, "रामदास! तू कुळ बाटाडं!"

"बाटू द्या आबा. मी भोगसू."

आबांनी डोक्याला हात लावला. पण गोष्ट झाली होती. कोणी काही म्हणो, रोट पोटात गेला होता, देवीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. आता त्या पोरावर हात टाकायचा म्हणजे नानांच्या कुळावर टाकायचा. कानबाईला कोण नडणार? पहिल्यांदा दोरीवाला मागे सरला. मग एकेक. गोकुळच्या हातातली तिपाई नानांनी काढून घेतली तरी तो तसाच उभा होता. पोलीस आले तेव्हा पारावर नाना, अक्का, मी आणि तो पोरगा एवढेच उरलो होतो. त्याचं नाव सुशांत. त्याने तक्रार दिली नाही. फक्त म्हणाला, मला इथून जाऊ द्या. नानांनी त्याचा नंबर तेवढा घेऊन ठेवला.

भाऊबंदांनी नानांना सोडलं नाही. पुढच्या वर्षी कानबाईच्या गव्हात त्यांच्या घरची मूठ घेतली नाही. अक्काने एकटीने वेगळी कानबाई मांडली. मला वाटायचं, नाना याने खचले. तसं नव्हतं. एकदा शाळेच्या ओट्यावर बसलो असताना ते म्हणाले, "आबांचं काय, आबा निवळतील. पण मॅडम, ती पोरं चुकली नव्हती हो. मी जे शिकवलं तेच त्यांनी बिनचूक केलं. मला त्याची भीती वाटते." गळ्यातला पेन ड्राइव्ह दिसेनासा झाला होता. रस्त्यात भेटलेल्या माणसाकडे बघून ते आता अंदाज करत नसत. सरळ विचारत, "कसा आहेस बाबा?" गोकुळ त्यांना पाहिलं की दुकानाच्या आत जायचा.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "मॅडम, सिनेमा दाखवायचाय. एकदाच. मोठ्या माणसांना. तुम्ही या."

"कशाला ती ब्याद परत?" मी म्हटलं.

"मलाही तो एकदा बघायचाय. मी आजवर नुसता बोलत आलो."

मला वाटलं कोणी येणार नाही. पण हॉल भरला. माणसाला लाज असते तशी उत्सुकताही असते. दौलत आबासुद्धा दारापाशी टेकून उभे राहिले. गोकुळ मागच्या भिंतीला होता, त्याची आई इंदूबाई पुढे सतरंजीवर. ती पहिल्यांदाच आली होती. मल्चिंग पेपर लागला, चादर उजळली, तो टोपीवाला गोरा बोलू लागला आणि नाना गप्प.

"सर, सांगा ना," कोणीतरी म्हणालं.

"आज तुम्हीच बघा."

आधी चुळबूळ झाली. कोणाला काही कळेना. मग हळूहळू सगळे नुसते चेहरे बघू लागले, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. मीसुद्धा. इतकी वर्षं मला त्या हेराचा चेहरा धड आठवत नव्हता. नाना इतके छान सांगायचे की त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नसे. पोरगेलासा होता तो. पावसाचा भाग आला आणि गेला, कोणी हसलं नाही. मग कोठार आलं. कंदील आत शिरले. तो पोत्यांच्या मागे सरकत गेला आणि त्याची पाठ भिंतीला टेकली. तो शत्रूचा माणूस होता, खराखुरा, त्याने पुष्कळ वाईट केलेलं होतं. त्याचं तोंड चादरभर झालं. ओठ थरथरत होते. नाना ओरडायचे ती जागा हीच. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज होता.

आणि सतरंजीवरून इंदूबाई मोठ्याने बोलली, "आरे, पोऱ्या किती घाबरना! कोनी त्याले पानी तरी द्या!"

सिनेमा आपला पुढे चालत राहिला आणि संपला. माणसं उठली, चपला शोधल्या, बाहेर गेली. दौलत आबा जाताना नानांच्या समोर क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

आम्ही खिडक्यांचा कागद काढत होतो तेव्हा गोकुळ पुढे आला. त्याने चादरीचं एक टोक धरलं. दुसरं नानांच्या हातात. दोघांनी घडी घातली. मग खाली बघतच तो म्हणाला, "सर, त्या पोऱ्याना नंबर शे का तुमनाजोडे?"

"शे. काय बोलशी?"

"माहीत नही."

नानांनी खिशातून फोन काढला, स्वतःच नंबर लावला, वाजायला लागल्यावर त्याच्या हातात दिला आणि चादर काखेत घेऊन हॉलबाहेर पडले.

माझी शेवटची बस लागली होती. मी धावत जाऊन बसले आणि खिडकीतून मागे पाहिलं. गोकुळ हॉलच्या पायरीवर पाठमोरा बसला होता, फोन कानाला, डोकं गुडघ्यांत. नाना त्याच्यापासून पुष्कळ लांब, मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभे होते, त्याचं एक अक्षरही ऐकू येणार नाही इतके लांब. दिवाळीआधी ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तसंच, चादर काखेत धरून, दुसरीकडे तोंड करून, पोराचं बोलणं होईपर्यंत थांबलेले.